पृष्ठभागाची ओळख, वायूच्या उशिरावरून

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चांदवड, देवळा, निफाड, येवला या भागात उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यात चाळीत जातो. तिथून पुढे दिवाळीपर्यंत तो थोडा थोडा काढायचा, भाव बघायचा आणि विकायचा, हा आमच्याकडच्या बहुतेक घरांचा हिशेब. या काळात चाळीच्या आत काय चाललं आहे हे कळायला शेतकऱ्याजवळ एक साधन असतं, ते म्हणजे त्याचं स्वतःचं नाक. वास बदलला की समजायचं, आत कुठंतरी कांद्याला पाणी सुटलं. पण नाकाला वास येईपर्यंत एका कांद्याची सड शेजारच्या दहा कांद्यांना लागलेली असते. वजनातली घट, सड आणि कोंब येणं हे सगळं धरलं, तर चार-सहा महिन्यांच्या साठवणुकीत साधारण ३० ते ४० टक्के माल हातचा जातो, असं जाणकार सांगतात.

मी रसायनशास्त्राचा शिक्षक आणि कांदा पिकवणाऱ्या घरातला. त्यामुळे हा प्रश्न मला घरीही भेटतो आणि वर्गातही. माणसाच्या नाकाच्या आधी वास ओळखणाऱ्या विजेवरच्या पेट्या आता मिळतात. आमच्या चाळीत अशी एक पेटी आम्ही दोन हंगामांपूर्वी लावली. जुलैच्या झडीत ती रोज रात्री वाजायची. उठून बॅटरी घेऊन जावं, तर कांदा चांगला असायचा. श्रावण संपता संपता एका कोपऱ्यातला कांदा खरोखरच सडला, दहा-बारा क्विंटल माल फेकावा लागला, आणि त्या वेळी पेटी गप्प होती. वडील म्हणाले, "तुझ्या शास्त्राला पावसाळा सोसत नाही." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. या पेटीला पावसाळा का सोसत नाही, आणि तिच्यातला पदार्थ पावसाळ्याला टिकेल की नाही हे आधी कसं तपासता येईल, याबद्दल मी आज बोलणार आहे.

पेटीतलं नाक

या पेटीत तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग असतो. त्यावर धातूच्या ऑक्साइडचा, बहुधा कथलाच्या ऑक्साइडचा, थर दिलेला असतो. धातू आणि ऑक्सिजन यांचं संयुग म्हणजे धातूचं ऑक्साइड. ही मंडळी आपल्याला नवी नाहीत. लोखंडाचा गंज हे लोखंडाचं ऑक्साइड. आमच्याकडच्या डोंगरांत काळ्या बेसाल्टच्या थरांमध्ये मधूनच लाल मातीचा पट्टा दिसतो, त्याचा रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर डोळ्यांना न दिसणारं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं कवच असतं, म्हणून ते पातेलं टिकतं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियमचं ऑक्साइड असतं, त्वचेच्या मलमात जस्ताचं आणि कळीच्या चुन्यात कॅल्शियमचं. वाळूतला सिलिकॉन हा काटेकोरपणे धातू नव्हे, पण त्याचं ऑक्साइड म्हणजे सिलिका अभ्यासासाठी याच पंगतीत बसवतात.

कथलाचं ऑक्साइड दोनशे ते चारशे अंश सेल्सियसपर्यंत तापवलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतो आणि आतले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे थरातून वीज जाणं अवघड होतं. मग एखादा ज्वलनशील वायू, समजा स्वयंपाकाचा गॅस, अल्कोहोलची वाफ किंवा सडणाऱ्या कांद्यातली गंधकाची संयुगं तिथं पोचली, तर ती त्या चिकटलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात. इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वीज पुन्हा सहज वाहते. विजेतला हा फरक मोजला, की वायू आल्याचं कळतं.

सगळा व्यवहार पृष्ठभागावर होतो, हे इथं लक्षात घ्यायला हवं. थराच्या आत खोलवर काय आहे याला फारसं महत्त्व नाही. पावसाळ्यात हवेतली पाण्याची वाफ या पृष्ठभागावर येऊन बसते. त्यामुळे थरातून वाहणारी वीज बदलते आणि पेटी विनाकारण वाजते. पाणी फार दिवस तिथं मुक्काम ठोकून राहिलं, तर ऑक्सिजनला आणि वासाच्या वायूला बसायला जागाच कमी पडते. मग पेटी खऱ्या प्रसंगी गप्प राहते. आमच्या चाळीत हे दोन्ही प्रकार लागोपाठ झाले.

एका ग्रॅममध्ये अडीच गुंठे

पृष्ठभाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबलाचा वरचा भाग येतो. पण बारीक, सच्छिद्र भुकटीचा पृष्ठभाग किती असतो, याचा एक हिशेब सांगतो. पाणी टिपायला वापरतात त्या सक्रिय ॲल्युमिनाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग दोनशे ते तीनशे चौरस मीटर भरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन ते तीन गुंठे. म्हणजे चहाचे चार-पाच चमचे भुकटी घेतली, तर तिच्यात एकराहून जास्त जमीन गुंडाळून ठेवलेली आहे असं समजा.

आता या जमिनीचा पोत कसा आहे? काळी आहे, मुरमाड आहे की चोपण? ऑक्साइडच्या पृष्ठभागाचाही असाच पोत असतो. धातूचा अणू आतमध्ये चारी बाजूंनी ऑक्सिजनने वेढलेला असतो. पृष्ठभागावर मात्र त्याची एक बाजू उघडी पडते. ती भरून काढायला तो हवेतलं पाणी पकडतो. पाण्याचा रेणू तिथं फुटतो आणि पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या उगवतात. त्यांना हायड्रॉक्सिल गट म्हणतात. सिलिकाच्या पुरेशा ओल्या पृष्ठभागावर एका चौरस नॅनोमीटरमध्ये असे सुमारे पाच गट असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

हे गट सगळ्या ऑक्साइडांवर सारखे वागत नाहीत. सिलिकावरचे गट आम्लाच्या बाजूला झुकलेले. मॅग्नेशियाचे गट, म्हणजे मॅग्नेशियमच्या ऑक्साइडावरचे, अल्कलीच्या बाजूचे. ॲल्युमिना दोन्हीकडे हात मिळवणारा. त्यातही तोच ॲल्युमिना तापवला, तर शेजारचे दोन गट मिळून पाणी सोडून देतात आणि ॲल्युमिनियमचा अणू उघडा पडतो. असा उघडा अणू इलेक्ट्रॉन देणाऱ्या कोणत्याही रेणूला घट्ट धरतो. सिलिका चारशे अंशांच्या वर तापवली, तर ती पाण्याला पूर्वीसारखी जवळ करत नाही. नाव एक, रासायनिक सूत्र एक, पण वागणूक भट्टीच्या तापमानाप्रमाणे बदलते. बाटलीवरची चिठ्ठी वाचून पृष्ठभाग कळत नाही, तो याच कारणानं.

बाजारातून जाणारी माणसं

मग तो कळणार कसा? पृष्ठभागावर क्ष-किरण किंवा इलेक्ट्रॉन सोडून पाहणारी मोठी यंत्रं आहेत. ती उत्तम असतात, पण त्यांना अतिशय उच्च निर्वात जागा लागते आणि त्यांची किंमत कोटींत जाते. तालुक्याच्या गावी ती मिळत नाहीत. पण एक दुसरी वाट आहे. तिच्यासाठी लागतो तो साधा गॅस क्रोमॅटोग्राफ. आपल्याकडे बऱ्याच महाविद्यालयांत आणि औषध कारखान्यांत तो असतो. खुद्द नाशिकमध्ये केमिटो या नावानं हे यंत्र बनत असे, आणि देशभरच्या शोधनिबंधांत त्याचा उल्लेख सापडतो.

या यंत्राचं काम समजण्यासाठी आठवड्याचा बाजार डोळ्यांसमोर आणा. बाजाराच्या एका टोकाकडून दहा माणसं एकाच वेळी आत सोडली. गर्दीचा लोंढा सगळ्यांना सारखाच पुढं ढकलतो आहे. ज्याला काहीच घ्यायचं नाही तो सरळ दुसऱ्या टोकाला बाहेर पडेल. चहाचा शौकीन दर टपरीवर थांबेल. ज्याची सगळीकडे ओळख आहे तो दर दुकानी दोन शब्द बोलेल आणि सर्वांत शेवटी येईल. आत जाताना एकत्र असलेली माणसं बाहेर पडताना वेगळी झाली.

गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये बाजाराच्या जागी एक लांब नळी असते. गर्दीच्या लोंढ्याच्या जागी हेलियम किंवा नायट्रोजन वायू सतत वाहत असतो, त्याला वाहक वायू म्हणतात. मिश्रणाचा एक थेंब नळीच्या तोंडाशी टोचून सोडला, की त्याची वाफ होते आणि त्यातले घटक नळीतल्या पदार्थापाशी कमी-अधिक थांबत पुढं जातात. दुसऱ्या टोकाला शोधक असतो. कोण किती मिनिटांनी आला याची तो नोंद करतो. दारूतली भेसळ, पेट्रोलमधली भेसळ, द्राक्षावर राहिलेला औषधाचा अंश, हे असं शोधतात. इथं बाजार माहितीचा असतो आणि माणसं अनोळखी असतात.

आता हेच उलटं करा. माणसं ओळखीची घ्या आणि बाजार अनोळखी ठेवा. चहाचा शौकीन, पानाचा शौकीन, कापडाचा शौकीन आणि काहीच न घेणारा, असे चार जण एका परक्या गावच्या बाजारात सोडा आणि दुसऱ्या टोकाला घड्याळ घेऊन उभे राहा. चहावाला लगेच आला, तर या बाजारात टपऱ्या नाहीत. पानवाला तासाभरानं आला, तर पानाची दुकानं पुष्कळ आहेत. बाजारात पाऊल न टाकता बाजाराचा नकाशा तुमच्या हातात आला. धातूच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग वाचण्याची रीत हीच आहे. शास्त्रात तिला व्यस्त वायू-क्रोमॅटोग्राफी म्हणतात. व्यस्त म्हणजे उलटी.

शाळेच्या प्रयोगशाळेतून

या विद्येचा जन्म कुठं झाला, ते सांगण्याजोगं आहे. रंगद्रव्यं खडूच्या भुकटीतून गाळून वेगळी करण्याची मूळ कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी मांडली. पण घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून वायू नेऊन त्याचा अभ्यास करण्याचं काम पुढं आणलं ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठातल्या एरिका क्रेमर या विदुषीनं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. १९४४ साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला, तो जर्मन नियतकालिकानं स्वीकारलाही, पण युद्धाच्या धामधुमीत छापला गेला नाही. तो छापून आला १९७६ साली. विद्यापीठाची प्रयोगशाळा हवाई हल्ल्यात मोडली. क्रेमरबाईंचे विद्यार्थी फ्रिट्झ प्रायर हे शाळेत रसायनशास्त्र शिकवत. त्यांनी पुढचं काम आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत चालू ठेवलं आणि १९४७ साली प्रबंध पुरा केला.

क्रेमरबाईंची मूळ आवड मिश्रणं वेगळी करण्यापुरती नव्हती. वायूचा रेणू पृष्ठभागाला चिकटताना किती उष्णता बाहेर पडते, हे त्यांना मोजायचं होतं. म्हणजे पृष्ठभागाची ओळख हा हेतू या विद्येत अगदी सुरुवातीपासून आहे. पुढं १९५२ साली ब्रिटनमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी द्रवाचा लेप वापरणारी पद्धत प्रसिद्ध केली आणि गॅस क्रोमॅटोग्राफ घरोघरी, म्हणजे प्रयोगशाळोप्रयोगशाळी, पोचला. मॉस्कोत किसेलेव्ह यांनी सिलिकाच्या हायड्रॉक्सिल गटांचा अभ्यास याच यंत्रानं केला. फ्रान्समध्ये पापिरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिका, ॲल्युमिना अशी कितीतरी ऑक्साइडं तपासली.

आणखी एक दुवा मला फार आवडतो. जस्ताच्या ऑक्साइडचा पातळ थर वायू ओळखतो हे जपानमध्ये सेइयामा आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली दाखवलं. त्यांनी तो थर बनवला होता तो गॅस क्रोमॅटोग्राफचा शोधक म्हणून! त्याच वर्षी जपानमध्येच तागुची यांनी कथलाच्या ऑक्साइडच्या संवेदकासाठी पेटंटचा अर्ज केला आणि त्यातून गॅसगळतीची सूचना देणाऱ्या पेट्या आल्या. चाळीतली पेटी आणि प्रयोगशाळेतलं यंत्र ही अशी जुनी नातेवाईक आहेत.

प्रयोग कसा करतात

प्रत्यक्ष कृती अवघड नाही, पण चिकाटीची आहे. ऑक्साइडची भुकटी फार बारीक असेल तर वायू अडतो. म्हणून ती दाबून वड्या करतात, वड्या फोडतात आणि रव्याएवढे दाणे चाळून घेतात. स्टीलची किंवा काचेची, आतून दोन-तीन मिलिमीटर रुंद आणि हात-दीड हात लांब नळी स्वच्छ धुऊन त्यात हे दाणे ठोकून ठोकून भरतात. दोन्ही टोकांना काचलोकरीचा बोळा लावतात. नळी यंत्राच्या भट्टीत बसवून वाहक वायू सोडून काही तास तापवतात, म्हणजे आधीचं पाणी आणि इतर घाण निघून जाते. किती अंशांवर तापवलं याची नोंद ठेवावी लागते. मघाशी सांगितल्याप्रमाणे त्यावरच पृष्ठभाग बदलतो.

मग एकेक पाहुणा आत सोडायचा. सर्वांत आधी मिथेन. तो जवळजवळ कुठंच थांबत नाही, म्हणून त्याचा वेळ हा नुसता चालण्याचा वेळ धरतात. बाकी प्रत्येकाच्या वेळातून तो वजा करायचा. उरतो तो फक्त थांबण्याचा वेळ.

त्यानंतर पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन ही पेट्रोलच्या कुळातली भावंडं. प्रत्येकाच्या रेणूत आधीच्यापेक्षा एक कार्बन जास्त. ही साधी मंडळी. ती आम्लही नाहीत आणि अल्कलीही नाहीत. कोणत्याही दोन वस्तूंमध्ये असतं तेवढंच सर्वसाधारण आकर्षण त्यांना कळतं. समजा हेक्झेन २ मिनिटं थांबला, हेप्टेन ५ आणि ऑक्टेन साडेबारा. म्हणजे दर वाढीव कार्बनला वेळ अडीचपट होतो. हे गुणोत्तर जवळपास कायम राहतं, म्हणून लॉगरिथम घेऊन आलेख काढला की सरळ रेषा येते. या रेषेच्या चढावरून पृष्ठभागाचं सर्वसाधारण आकर्षण, म्हणजे पृष्ठऊर्जेचा एक हिस्सा, आकड्यात काढता येतो. ही रीत १९८० साली डॉरिस आणि ग्रे यांनी मांडली.

आता स्वभावाचे पाहुणे. क्लोरोफॉर्म हा आम्ल बाजूचा, त्याला अल्कली पृष्ठभाग आवडतो. ईथर हा इलेक्ट्रॉन देणारा, त्याला आम्ल पृष्ठभाग आवडतो. ॲसिटोन आणि इथाइल ॲसिटेट मधले. समजा सरळ रेषेच्या हिशेबानं ईथरनं ३ मिनिटं थांबायला हवं होतं आणि तो थांबला ३० मिनिटं. ही जादाची २७ मिनिटं बोलकी आहेत. त्या पृष्ठभागावर ईथरला धरून ठेवणाऱ्या आम्ल जागा आहेत. क्लोरोफॉर्म मात्र रेषेवरच राहिला, तर अल्कली जागा फारशा नाहीत.

भट्टीचं तापमान दहा-दहा अंशांनी वाढवत हाच प्रयोग पुन्हा करतात. तापमान वाढलं की रेणूंची बैठक मोडते, ते लवकर निघतात. किती लवकर, यावरून चिकटण्याची उष्णता काढता येते. क्रेमरबाईंना हवी होती तीच. शोधकानं काढलेल्या नोंदीचा आकारही पाहायचा. उंचवटा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर जागा साधारण एकसारख्या आहेत. मागं लांब शेपूट असेल तर काही जागा फारच घट्ट धरणाऱ्या आहेत. वारीत मोठा घोळका गेल्यावर मागं रेंगाळणारे दोघे-तिघे दिसतात, तसं.

मर्यादाही ओळखाव्या

कोणत्याही पद्धतीचं कौतुक करताना तिच्या मर्यादा सांगायला हव्यात. पाहुणा अगदी थोडा सोडतात, म्हणून तो आधी सर्वांत चांगल्या जागा पकडतो. परक्या गावात चार माणसं गेली तर ती चांगल्याच हॉटेलात बसणार, तसं. त्यामुळे या प्रयोगात पृष्ठभागाच्या सर्वांत तीव्र जागा दिसतात, सरासरी जागा दिसेलच असं नाही. सरासरी हवी असेल तर पाहुणे वाढवत न्यावे लागतात. काही पाहुणे आत जाऊन परतच येत नाहीत. तापलेल्या ॲल्युमिनावर अल्कोहोल सोडलं तर त्याचं रूपांतरच होऊ शकतं, मग बाहेर येतो तो दुसराच कुणी. पृष्ठभाग फार खडबडीत असेल किंवा छिद्रं फार बारीक असतील, तर अडकून पडण्याचा उशीर आणि आवडीचा उशीर यांत गल्लत होते.

चाळीच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची मर्यादा म्हणजे नेहमीचा प्रयोग कोरड्या वायूत करतात. आणि आमची चाळ भर पावसात असते. म्हणून वाहक वायू पाण्यातून बुडबुडत नेऊन ओला करायचा आणि तेच पाहुणे पुन्हा सोडायचे. कोरड्यात ३० मिनिटं थांबणारा ओल्यात ४ मिनिटांत निघून गेला, तर समजायचं की त्याच्या जागेवर पाणी बसलं. असा थर पावसाळ्यात टिकणार नाही, हे संवेदक बनवण्याच्या आधीच कळतं. त्या ऑक्साइडात दुसऱ्या धातूचा अंश मिसळून किंवा वेगळ्या तापमानाला भाजून पुन्हा पाहायचं. एक पेटी बनवून, चाळीत लावून, हंगाम वाया घालवून मिळणारं उत्तर काही दिवसांत टेबलावर मिळतं. संवेदक चाळीत तीनशे अंशांना तापलेला असतो आणि हा प्रयोग पुष्कळदा त्याहून खाली होतो, हे ध्यानात ठेवूनच अंदाज बांधायचा. शेवटची परीक्षा चाळीतच होणार. पण नापास होणारे उमेदवार आधीच बाजूला काढता येतात.

तालुक्याच्या गावी काय करता येईल

सडणारा कांदा वासावरून ओळखता येतो, याला शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेत जॉर्जियातल्या संशोधकांनी कांद्याच्या मानकुज आणि आंबट सड या रोगांचा वास संवेदकांच्या मालिकेनं आणि गॅस क्रोमॅटोग्राफनं, अशा दोन्ही मार्गांनी तपासला, आणि ते काम २०११ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे लासलगाव परिसरातून सुरू झालेल्या गोदाम इनोव्हेशन्स या उद्योगानं चाळीतल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणली आहे. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिची सुरुवात १९९४ साली नाशिकलाच झाली होती. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे आणि उत्प्रेरकांच्या, म्हणजे शेवटी पृष्ठभागांच्याच, संशोधनात तिचं नाव मोठं आहे. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात धातूच्या ऑक्साइडांपासून वायू ओळखणारे थर बनवण्यावर बरीच वर्षं काम झालं. म्हणजे मोठं शहर नसलं तरी हे होतं, याचं उदाहरण खानदेशातच आहे.

दोन्ही कामं जोडणारा धागा मात्र कमी पडतो. थर बनवणारे त्याची वीज मोजतात, वायू सोडून प्रतिसाद पाहतात. तो थर तसा का वागतो, त्याला कोणता वायू किती प्रिय आहे आणि पाणी आल्यावर काय होतं, हे विचारायला साधा गॅस क्रोमॅटोग्राफ पुरतो. महाविद्यालयातलं यंत्र जुनं झालं, त्याचा संगणक नव्या प्रणालीवर चालेना, म्हणून ते कपड्याखाली झाकून ठेवलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. औषधाच्या काटेकोर तपासणीला ते कदाचित पुरणार नाही. पण भट्टीचं तापमान स्थिर राहत असेल, वायूचा प्रवाह स्थिर असेल आणि शोधक पेटत असेल, तर उलट्या प्रयोगाला ते पुष्कळ आहे. मिनिटं मोजायला कागदावर रेघ काढणारा जुना नोंदकही चालतो.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी इंटरनेटवरून विषय उतरवून घेऊ नका. एक नळी घ्या. एकदा बाजारातला ॲल्युमिना भरा, एकदा तोच पाचशे अंशांना भाजून भरा. मिथेन, हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन, ईथर, क्लोरोफॉर्म एवढे सहा पाहुणे सोडा. कोरड्या वायूत आणि ओल्या वायूत, दोन्हीकडे. मिळालेली मिनिटं वहीत लिहा आणि आलेख काढा. क्लोरोफॉर्म आणि ईथर हाताळताना खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको, आणि शिक्षकांना सोबत घ्या. महिनाभराच्या कामात तुम्हाला अशी माहिती मिळेल, जी त्या बाटलीवर छापलेली नाही. तीच पुढं कथलाच्या ऑक्साइडवर करून पाहा.

आणि पालकांना, विशेषतः माझ्यासारख्या चाळवाल्या घरांतल्या पालकांना, सांगणं असं की पोरगं प्रयोगशाळेत नळीत रवा भरून घड्याळ बघत बसलं आहे, असं दिसलं तर त्याला हसू नका. ते कदाचित पुढच्या पावसाळ्यात तुमच्या कांद्याची राखण कोण करणार हे ठरवत असेल.